मब्रूका-आत्याचा वाटा

खमैसला पहिला धक्का फाटकावरच बसला. त्याची कापडी पिशवी तपासणीच्या यंत्रातून गेली, यंत्राने शिटी मारली, आणि कोवळ्या मिशांच्या पोलिसाने दोन बोटांच्या चिमटीत धरून तिच्यातून एक वाळवलेला ऑक्टोपस बाहेर काढला. मागे रांगेत उभ्या असलेल्या शाळकरी मुली एकसाथ किंचाळल्या.

"हाजी, हे काय?"

"माझ्या मुलीसाठी आहे. ती इथेच कामाला आहे. आणि असा चिमटीत काय धरतोस? चावणार नाही तो. चार महिन्यांपूर्वी मेलाय."

पोलिसाला हसू आवरेना, पण नियम तो नियम. पिशवी फाटकावर राहिली आणि खमैसच्या हातात सतरा नंबरचा प्लास्टिकचा बिल्ला आला. शेजारी तिजानी उभा होता. तिजानी त्याचा साडू, आणि पत्त्यांच्या डावात गेली चाळीस वर्षं त्याचा भिडू.

"तरी मी सांगत होतो, बदाम आण म्हणून," तिजानी म्हणाला.

"सिहेमला बदाम आवडत नाहीत."

"तिला तूही आवडत नाहीस असं दिसतंय. नाहीतर 'ये' म्हणाली असती."

हे खमैसला झोंबलं. त्याला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

सिहेम, त्याची मुलगी, ट्यूनिसमधल्या तळ्याकाठच्या या इमारतीत नऊ वर्षं दुभाषी होती. सागर बचाव परिषद हे संस्थेचं नाव. एकवीस देश तिचे सभासद, आणि समुद्रात कुणी संकटात सापडलं की कुणी धावायचं, कसं धावायचं, हे ठरवणं तिचं काम. एकवीस देशांचे लोक सभागृहात बोलायचे आणि सिहेम काचेच्या खोलीत बसून फ्रेंचचं अरबी आणि अरबीचं फ्रेंच करायची, तेसुद्धा समोरच्याचं वाक्य संपायच्या आत. नऊ वर्षांत तिने बापाला इथे कधी बोलावलं नव्हतं आणि बापानेही कधी हट्ट धरला नव्हता. पण गेल्या पंधरवड्यात तिने तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा एकच सांगितलं, "बाबा, या महिन्यात ट्यूनिसला येऊ नका. मला फार काम आहे." खमैस ट्यूनिसला यायचा तो दोन वर्षांतून एकदा. जो येणारच नाही त्याला येऊ नको म्हणून सांगितलं, की तो पहिली बोट पकडतो. आम्हा कर्केना बेटांवरच्या माणसांची ही खोडच आहे.

पण खरं कारण वेगळं होतं. चौदा महिन्यांपूर्वी त्याचा मुलगा लसाद समुद्रात गेला. वय सत्तावीस. जानेवारीतली संध्याकाळ, वारा अचानक फिरला, नाव पाण्याने भरली. फोन भिजून बंद पडला होता, म्हणून त्याने हातातल्या बिनतारी संचावरून परिषदेच्या केंद्राला हाक दिली आणि ती हाक पोचली, एवढं घरच्यांना पत्राने कळवण्यात आलं. मदतीची बोट मात्र निघाली ती पूर्वेला, तीस किलोमीटर दूर, उघड्या समुद्रात. लसादला प्रवाहाने तिसऱ्या दिवशी दक्षिणेच्या किनाऱ्यावर आणून टाकलं. हाक पोचली तर माणसं का पोचली नाहीत, हे कुणी सांगेना. 'चौकशी चालू आहे' असं एका ओळीचं पत्र दर तीन महिन्यांनी येई.

मन्नूबियाने, खमैसच्या बायकोने, तेव्हापासून एक माणूस मनात धरून ठेवला होता. तो बाई की पुरुष, म्हातारा की तरुण, तिला काही ठाऊक नव्हतं. फोनपाशी बसून ज्याने आपल्या लेकाला मरू दिलं तो माणूस. पाचही नमाजांनंतर ती त्याला शाप देई, शांतपणे, रोजचं काम उरकावं तशी. काल बोटीवर चढताना तिने नवऱ्याच्या कोटाची बाही धरली.

"सिहेम सांगणार नाही. तिला गुप्ततेची शपथ घ्यावी लागते. तुम्ही विचारा. मला भरपाई नको, माफी नको. त्या माणसाचं नाव घेऊन या."

परिषदेत शिरायचा साध्या माणसाला एकच रस्ता होता. दर गुरुवारी दहा वाजता बाहेरच्यांना इमारत दाखवतात, फुकट. ओळखपत्र दाखवलं की झालं.

इमारत दाखवणारी मुलगी ओल्फा नावाची होती. ती उंच टाचांच्या बुटांवर उलटं चालत बोलत असे आणि कशालाही धडकत नसे. खमैसला तिचं फार कौतुक वाटलं. तो, तिजानी, बाजा शहरातून आलेल्या शाळेच्या पंधरा मुली आणि त्यांच्या बाई, एवढी मंडळी तिच्यामागे निघाली.

पहिल्याच दालनात एक आख्खी भिंत समुद्राने व्यापली होती. निळ्या काचेचा नकाशा आणि त्यात बारीक बारीक दिवे.

"या नकाशात बारा हजार नावं आहेत," ओल्फा म्हणाली. "खडक, खाड्या, उथळ जागा, मच्छीमारांच्या जागा. बुडणाऱ्या माणसाला आकडे सुचत नाहीत, तो नाव सांगतो. त्याने नाव सांगायचं, केंद्रातल्या माणसाने ते टाइप करायचं, आणि दिवा लागतो. कुणी करून बघणार?"

एका मुलीने कुठल्याशा ग्रीक खडकाचं नाव टाइप केलं. टाचणीच्या डोक्याएवढा दिवा लागला. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"आणि इथे पांढरं का आहे?" दुसरीने विचारलं.

तिचं बोट कर्केना बेटांवर होतं. बेटांच्या भोवती हाताच्या तळव्याएवढा पांढरा डाग, त्यात एकही नाव नाही.

"तिथली माहिती मिळाली नाही. परिषदेने विचारलं होतं. तिथल्या लोकांनी कळवलं की सांगण्यासारखं काही नाही."

खमैसने तिजानीच्या बरगडीत कोपर मारलं. दोघे म्हातारे शाळकरी पोरांसारखे खुसखुसले.

सांगण्यासारखं नाही म्हणे! आमच्या बेटांभोवती पाणी कमरेएवढं, फार तर छातीएवढं. त्या पाण्यात खजुराच्या फांद्या रोवून कुंपणं घालायची, भरतीला मासा आत शिरतो, ओहोटीला अडकतो. प्रत्येक कुंपणाची जागा कुणाची ना कुणाची असते, शेतासारखी. आजोबांकडून बापाकडे, बापाकडून लेकाकडे आणि लेकींकडेही. समुद्राच्या त्या तुकड्याला आम्ही वाटा म्हणतो आणि मूळ मालकाच्या नावाने ओळखतो. असे तीनशेहून जास्त वाटे आहेत आणि बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ते पाठ असतात. कागदावर मात्र एकही नाही. फ्रेंचांच्या काळात कुणीतरी अठरा वाटे लिहून दिले. पुढच्याच वर्षी त्यांच्यावर कर बसला आणि तिसऱ्या वर्षी निम्मे गेले. तेव्हापासून वाट्यांची नावं परक्याला सांगायची नाहीत, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर शिकवतात. आणि खमैस तर अमीन होता, म्हणजे मच्छीमारांचा पुढारी. वाट्यांची भांडणं त्याच्यासमोर यायची आणि वाट्यांची गुपितं त्याच्या पोटात असायची. त्याचा त्याला गर्व होता. कमी नव्हे, चांगला भरपूर.

"चार ओळींत वाटेला लावलं यांना," तो तिजानीच्या कानात म्हणाला. "'आमच्याकडे समुद्राला वाटे नाहीत. समुद्र अल्लाहचा आहे.' खाली सही आणि शिक्का."

"ठाऊक आहे. शिक्का मीच मारला होता."

"आणि मग फोन करून बघितला यांनी. दोन वर्षांनी! आठवतं? आपला डाव चालला होता. कुणी बाई होती, मधाळ आवाजाची. परिषदेतून बोलतेय म्हणाली आणि सरळ मब्रूकेचा वाटा कुठे म्हणून विचारायला लागली. माझ्या बहिणीचा वाटा! एका वाक्यात गप्प केली."

"तो डाव तू जिंकलास," तिजानी म्हणाला. "मी हसण्याच्या नादात राजा टाकून बसलो होतो."

"पण ते नाव तिला मिळालं कुठून, ते मला अजून कळलेलं नाही." खमैसने आवाज आणखी खाली आणला. "तुला म्हणून सांगतो, मला आपल्या पोरीचाच संशय आला. हीच इथे बसते. हिनेच फोडलं असणार. पुढे लसादचं झालं आणि विषय राहून गेला. पण मनातून गेला नाही."

ओल्फा उलटी चालत पुढे गेली होती. दोघे तिच्यामागे घाईने निघाले.

प्रेक्षकांची गॅलरी सभागृहाच्या वर होती आणि मधे जाड काच होती. खाली गोल टेबलाभोवती माणसं बसली होती, प्रत्येकासमोर देशाची पाटी आणि पाण्याची बाटली.

"आज बंदरांतल्या दिव्यांवर चर्चा आहे," ओल्फा कुजबुजली. "झोप येईल. पण हेडफोन लावा, गंमत बघा. एक नंबर अरबी, दोन फ्रेंच. समोरच्या भिंतीत काचेच्या खोल्या दिसतात ना, तिथे दुभाषी बसतात. दोघं दोघं, अर्ध्या अर्ध्या तासाने पाळी बदलतात. खाली कुणी फ्रेंच बोललं की अरबी खोलीतली माणसं तुम्हाला अरबीत सांगतात. कुणी अरबी बोललं, तर तुम्हाला ते तसंच ऐकू येईल, आणि त्याच खोलीतून त्याचं फ्रेंच बाकीच्यांना जाईल."

खमैसने हेडफोन टोपीवरूनच चढवला. तिजानीने त्याची टोपी काढून तो नीट बसवला. आणि खमैसच्या दोन्ही कानांत त्याची मुलगी बोलायला लागली.

तो हबकलाच. इतक्या जवळून तिचा आवाज त्याने ती मांडीवर बसायची तेव्हा ऐकला होता. आता ती बंदरांच्या दिव्यांबद्दल बोलत होती, जड शब्द वापरून, कुठेही न अडखळता. त्याने डोळे बारीक करून काचेच्या खोल्या शोधल्या. दुसऱ्या खोलीत ती दिसली, केस मागे बांधलेले, समोर कागदांचा गठ्ठा, शेजारी एक टक्कल पडलेला सहकारी. तिने वर पाहिलं नाही.

"ती बघ," तो तिजानीला म्हणाला. हेडफोनमुळे आवाज मोठा निघाला आणि मुली हसल्या.

इतकी वर्षं आपण हिला बघायला का आलो नाही, असं त्याला वाटलं, आणि मग हिने का बोलावलं नाही, असंही वाटलं.

खाली अध्यक्ष, एक पांढऱ्या केसांचा उंच माणूस, फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाला आणि कागद चाळायला लागला. सिहेमचा आवाज एक क्षण आलाच नाही. मग आला.

"दिव्यांच्या विषयावरचे वक्ते अजून पोचलेले नाहीत. सभेची हरकत नसेल तर दुपारी चारचा विषय आपण आता घेऊ. कर्केना बेटांजवळच्या अपघाताचा चौकशी अहवाल."

टक्कलवाल्याने सिहेमसमोरच्या बटणाकडे हात नेला. सिहेमने मान हलवली. त्याने हात मागे घेतला.

तिजानीचा पंजा खमैसच्या गुडघ्यावर पडला आणि तिथेच राहिला. ओल्फा म्हणत होती की दहा मिनिटांनी खाली उपाहारगृहात जायचंय. खमैसला ते ऐकूच गेलं नाही. नाव, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. आता नाव येणार, आणि तेही आपल्याच पोरीच्या तोंडून. त्याने खिसे चाचपले. पेन नव्हतं.

"केंद्राला आलेली पहिली हाक," सिहेम म्हणाली, "संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी. ध्वनिमुद्रण ऐकू."

तिचा आवाज थांबला. खरखर झाली. वारा ऐकू आला. आणि वाऱ्यातून लसाद बोलला.

"बचाव केंद्र, बचाव केंद्र. नाव भरली, गेली. मी एकटा आहे. मी मब्रूका-आत्याच्या वाट्यात आहे. तिसऱ्या कुंपणाला धरून उभा आहे. पाणी छातीला आलंय, भरती सुरू झालीय."

"कुठे? पुन्हा सांगा." बाईचा आवाज होता.

"मब्रूका-आत्याचा वाटा! तिसरं कुंपण! तुम्ही कुणालाही विचारा हो, बेटावर सगळ्यांना ठाऊक आहे. अमीनला विचारा. अमीन सांगेल."

खमैसने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. चौदा महिन्यांनी मुलाचा आवाज ऐकत होता तो, आणि आवाजात थंडीने दात वाजत होते. मब्रूकेच्या वाट्यात? उघड्या समुद्रात नव्हे? मब्रूकेचा वाटा धक्क्यावरून दिसतो. चांगली हवा असेल तर कुंपणावर बसलेले बगळे मोजता येतात.

काचेपलीकडे सिहेमचे ओठ हलत होते. भावाचं बोलणं ती जगाला फ्रेंचमध्ये सांगत होती. मग अध्यक्ष बोलला आणि ती पुन्हा बापाच्या कानात आली.

"हे नाव केंद्राच्या नकाशात नव्हतं. या भागातली नावं परिषदेने पूर्वी मागवली होती, ती मिळाली नाहीत. यंत्रावर फक्त आवाजाची दिशा कळत होती, अंतर कळत नव्हतं. सात मिनिटांनी केंद्राने स्थानिक अमीनना फोन केला. त्यांचा नंबर त्यांच्याच जुन्या पत्रावर होता. त्या फोनचं ध्वनिमुद्रण."

खमैसचं डोकं अजून मागे होतं, पण अंगाला कळलं होतं.

कॅफेतला कलकलाट ऐकू आला. पेल्यांचे आवाज. पत्ता टेबलावर आपटल्याचा आवाज.

"नमस्कार, सागर बचाव परिषदेतून बोलतेय. मब्रूकेचा वाटा नावाची जागा..."

"कोण बोलतंय?"

आपलाच आवाज माणसाला लगेच ओळखू येत नाही. खमैसला वाटलं, किती उर्मट माणूस आहे हा.

"परिषदेतून, साहेब. मब्रूकेचा वाटा नेमका कुठे आहे?"

"हे नाव तुम्हाला कुणी दिलं?"

"ते नंतर सांगते. आधी जागा सांगा, फार घाई..."

"तुम्हाला दोन वर्षं घाईच आहे. लिहून घे, बाई. आमच्याकडे असला कुठलाही वाटा नाही. कधी नव्हता."

मागे कुणीतरी खो खो हसलं. ते तिजानीचं हसणं होतं.

"साहेब, फोन ठेवू नका, पाण्यात एक..."

खट्ट.

हे शेवटचं वाक्य खमैसने त्या दिवशी ऐकलं नव्हतं. फोन कानावरून कधीच खाली आला होता आणि तो पत्ते उचलत होता.

त्याने सिहेमकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. कधी नव्हता. हे ती आता फ्रेंचमध्ये म्हणत असणार. एकवीस देशांची माणसं मान खाली घालून ऐकत होती. एकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"केंद्राने पुढच्या दहा मिनिटांत त्याच नंबरवर चार वेळा फोन केला," सिहेम त्याच्या कानात सांगत होती, पाणी न पिता, न थांबता. "उचलला गेला नाही. केंद्राने मग आवाजाच्या दिशेने उघड्या समुद्रात बोट पाठवली. पाण्यातून शेवटची हाक सात वाजून चाळीस मिनिटांनी आली. तज्ज्ञांच्या मते त्या जागेपासून अमीनच्या धक्क्यापर्यंतचं अंतर साध्या नावेने पंचवीस मिनिटांचं आहे. या अमीनचं नाव अहवालात दिलेलं नाही."

पाच बारा ते सात चाळीस. खमैसला ती संध्याकाळ आठवत होती. तीन डाव झाले होते. वारा वाढला तेव्हा त्याने कॅफेचं दार लोटून घ्यायला सांगितलं होतं. लसाद इंजिनाचा भाग आणायला स्फाक्सला गेलाय, याच समजुतीत होता तो. घरी जाऊन त्याने मन्नूबियाला फोनची गोष्ट सांगितली होती, आवाज काढून, बाईची नक्कल करून. मन्नूबिया हसली होती.

तो उठून उभा राहिला. हेडफोन ओढून काढला तेव्हा सगळीकडे एकदम शांतता पसरली. काचेतून काही आरपार येत नव्हतं.

"तो मी," तो म्हणाला.

मुली त्याच्याकडे बघायला लागल्या.

"तो मी आहे. खमैस. अमीन मी आहे."

"काका, बसा ना, उभं राहायला परवानगी नाही," ओल्फा धावत आली. "काका, बरं वाटत नाहीये का?"

त्याने मुठीने काचेवर मारलं. मुठीत सतरा नंबरचा बिल्ला होता, त्याचा टक असा हलका आवाज झाला. खाली एकानेही वर पाहिलं नाही. समोरच्या भिंतीत मात्र सिहेमने पाहिलं. बापाला तिने ओळखलं, त्याच्या हातातली टोपी, त्याचं उघडं तोंड, सगळं पाहिलं, आणि तिचे ओठ तरीही हलत राहिले, कारण अध्यक्ष बोलत होता. तिने एक हात उचलून तळवा त्याच्याकडे केला. नको, बाबा. मग वाक्याच्या मधेच टक्कलवाल्याने बटण दाबलं आणि सिहेमची खुर्ची रिकामी झाली.

ती त्यांना नकाशाच्या दालनात गाठायला आली तेव्हा जिने धावत उतरल्याने धापा टाकत होती. खमैस बाकावर बसला होता. तिजानी भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"मी हसलो होतो, सिहेम," तो भिंतीला म्हणाला. "त्यात मी हसतोय."

"काका, तुम्हाला काय माहीत होतं?" ती म्हणाली आणि बापासमोर जमिनीवर बसली, चांगल्या कपड्यांनिशी. "मी येऊ नका म्हटलं होतं ना? तीनदा म्हटलं होतं."

"तुला कधी कळलं?"

"अकरा दिवसांपूर्वी. कागद आले भाषांतराला. मग ध्वनिमुद्रण."

"अकरा दिवस तू माझ्याशी फोनवर बोलत होतीस. हवा कशी आहे विचारत होतीस."

"मग काय विचारणार होते?"

खमैसने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. हिला आपली लाज वाटते म्हणून ही बोलावत नाही, असं तो काल बोटीवर तिजानीला म्हणाला होता.

"तो दुसरा होता ना तुझ्याशेजारी. त्याला का बोलू दिलं नाहीस? माझं बोलणं तुझ्याच तोंडून यायला हवं होतं का?"

"तुमचं नाही. लसादचं." तिचा आवाज आता पहिल्यांदा फाटला. "इथल्या कुणालाच वाटा म्हणजे काय ते ठाऊक नाही, बाबा. कागदावर कुणीतरी 'नातेवाइकाची मालमत्ता' असं लिहून ठेवलं होतं. त्याने दोन तास ओरडून जागा सांगितली. एकदा तरी ती कुणीतरी नीट सांगायला नको?"

खमैसने मुठीतला बिल्ला बाकावर ठेवला.

"हे नाव तू फोडलंस असं मला वाटलं होतं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. वर्षभर तुम्ही माझ्याशी सरळ बोलला नाहीत." तिने त्याचा हात धरला. "ऐका. अहवालात तुमचं नाव नाही. मी तीनदा तपासलंय. आवाज कुणी ओळखणार नाही. तुम्ही, मी आणि तिजानीकाका. आपण तिघंच. आईला कळायचं कारण नाही. कुणालाच नाही."

खमैस उठला. नकाशाजवळ गेला. त्या पांढऱ्या डागावर त्याने बोट टेकवलं, बेटाच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून नखभर अंतरावर.

"काका, नकाशाला हात लावायचा नाही," ओल्फा दारातून म्हणाली, आणि सिहेमचा चेहरा पाहून गप्प झाली.

"इथे," खमैस म्हणाला. "मब्रूकेचा इथे. त्याच्या वर सालहाचा. डावीकडे दोन भावांचा. तुझ्याकडे कागद आहे का, पोरी? लिही. सगळे सांगतो."

सिहेमने पर्समधून वही काढली. तेवढ्यात त्याच्या कोटात फोन वाजला. त्याने तो काढून हातात धरला. पडद्यावर मन्नूबियाचं नाव होतं.

"उचलू नका," सिहेम पटकन म्हणाली. "माझ्याकडे द्या. अहवाल पुढे ढकलला म्हणून सांगते. सांगते काहीतरी."

फोन वाजून बंद झाला. एक फोन उचलला गेला नाही. खमैस त्याच्याकडे बघत राहिला. तो पुन्हा वाजायला लागला. या खेपेला त्याने उचलला.

"किती वेळ लावता हो?" मन्नूबिया म्हणत होती. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "भेटली का? बारीक झालीय? ऑक्टोपस दिलात ना?"

"दिला."

"आणि ते? विचारलंत?"

"विचारलं."

"नाव मिळालं?"

सिहेमने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं आणि मान हलवली. नको. तिजानी भिंतीकडून वळला होता.

"मिळालं," खमैस म्हणाला.

पलीकडे कोंबड्यांचा आवाज बंद झाला. तिने आत जाऊन दार लावलं असावं.

"सांगा," ती म्हणाली.

"सांगतो, मन्नूबिया. पण सगळं ऐकून घे. फोन ठेवू नकोस."